परसातील कोंबडीचे अंडे : आकारमानाची कारणे आणि मात्रेचा विचार

आहारद्रव्यांचे गुणधर्म सांगताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात अंड्यांचाही निर्देश केला आहे. हंस, चकोर, कोंबडी, मोर, चिमणी आदी पक्ष्यांची अंडी रेतःक्षय, कास, हृद्रोग व क्षत या अवस्थांत हितकर होत. ती मधुर, अविदाही व सद्यःबलकर आहेत, असा त्या वचनाचा आशय आहे. चिकित्सास्थानातील वाजीकरण प्रकरणातही अंड्यांचा उपयोग आला आहे. आजही ग्रामीण भागात काम करणारा वैद्य कृश बालक, क्षयाचा रुग्ण, अग्नी सुधारलेली सूतिका किंवा दीर्घ आजारातून उठलेला कष्टकरी यांना, त्यांच्या कुटुंबात चालत असेल तर, ‘रोज एक अंडे’ असे पथ्य सहज लिहून देतो. परंतु ‘एक अंडे’ म्हणजे नेमके किती, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. ज्या शास्त्राने मात्राशितीय नावाचा स्वतंत्र अध्याय रचून आहाराच्या मात्रेला अग्निबलाशी जोडले, त्या शास्त्राच्या अभ्यासकांनी हा प्रश्न टाळणे योग्य नव्हे. आम्हांस तो एका रुग्णकुटुंबाने शिकविला.

एक अनुभव

हातकणंगले तालुक्यात ऊसशेतीबरोबरच घरामागच्या परड्यात पाच-दहा कोंबड्या पाळण्याची रीत जुनी आहे. आळते परिसरातील एका वस्तीवरील वृद्ध स्त्री आपल्या सुनेला घेऊन आमच्या दवाखान्यात येत असे. सूनबाई बाळंत होऊन तीन महिने झाले होते. अंगावर दूध होते, पण स्वतः ती वाळत चालली होती. अग्नी बरा होता, म्हणून औषधाबरोबर रोज दोन अंडी देण्यास आम्ही सांगितले. कोंबड्या घरच्याच असल्याने खर्चाचा प्रश्न नव्हता. दीड महिना झाला तरी वजनात म्हणावा तसा फरक दिसेना.

वैशाखातल्या एका सकाळी आजींनी पदराखालून चार अंडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “डॉक्टर, कोंबडीची अंडी बारीक व्हाय लागल्यात. कुणाची नजर लागली म्हणत्यात. कोंबडी कापून टाकू का?”

औषधे मोजण्याच्या तराजूवर आम्ही ती अंडी ठेवली. एकही चाळीस ग्रॅमपर्यंत पोहोचले नाही. सहज चौकशी करता दुसरी गोष्ट कळली. घरात अंडी निवडली जात होती. त्यातल्या त्यात मोठी अंडी वडगावच्या बाजाराला जात आणि जी गिऱ्हाईक घेणार नाही अशी लहान अंडी सुनेच्या ताटात येत. यात आजींचा दुष्टावा नव्हता. अंड्यांच्या पैशांतूनच घरचे तेल-मीठ आणि आमच्या औषधांचे पैसे येत होते. आमच्या कागदावर ‘दोन अंडी’ असे लिहिले होते आणि ती आज्ञा अक्षरशः पाळली जात होती. चूक आमच्या लिहिण्यात होती. आम्ही संख्या लिहिली, मात्रा लिहिली नाही.

त्या दिवसापासून कोंबडीचे अंडे लहान-मोठे कशाने होते, याचा अभ्यास आम्ही पशुवैद्यक मित्रांच्या मदतीने व उपलब्ध वाङ्मयाच्या आधारे केला. तो वैद्यबंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडत आहोत.

अंडे कसे घडते

कोंबडीच्या अंडाशयात लहान-मोठ्या असंख्य बीजपुटिका असतात. त्यांपैकी क्रमाने येणारी पुटिका शेवटच्या सात ते दहा दिवसांत झपाट्याने वाढते. हाच पिवळा बलक. तो सुटून अंडनलिकेत आला की पहिल्या भागात सुमारे पाव तास थांबतो. पुढील भागात सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढऱ्या बलकाचा मोठा अंश जमतो. त्यानंतर सव्वा तासाच्या सुमारास पातळ पटले तयार होतात आणि शेवटी कवचग्रंथीत अठरा ते वीस तास राहून त्यावर चुन्याचे कवच चढते. एकूण कालावधी चोवीस ते सव्वीस तासांचा असतो.

साधारण अंड्यात पांढरा बलक सुमारे ६० टक्के, पिवळा बलक ३० टक्के व कवच १० ते ११ टक्के असते. म्हणजे अंड्याचे आकारमान मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : पिवळा बलक किती मोठा होऊन सुटला आणि त्याभोवती पांढरा बलक किती साचला. पुढे सांगितलेली प्रत्येक कारणे यांपैकी एकावर किंवा दोहोंवर परिणाम करतात.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात गर्भाच्या उत्पत्तीस ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चार गोष्टींचा संयोग आवश्यक मानला आहे आणि त्यास अंकुराची उपमा दिली आहे. अंड्याच्या आकारमानाची आधुनिक कारणे या चार सदरांत सुलभपणे मांडता येतात. ही मांडणी समजण्याच्या सोयीसाठी आहे. कुक्कुटशास्त्राचे निष्कर्ष संहितेत होते, असा आमचा दावा नाही.

१. बीज : जात व वंश

सर्वांत मोठे कारण कोंबडीची जात हे होय. आपल्या परड्यातील गावरान कोंबडीचे अंडे साधारणतः ३५ ते ४५ ग्रॅम भरते. कडकनाथाचे अंडे ४५ ग्रॅमच्या आसपास असते. व्यावसायिक पोल्ट्रीतील पांढऱ्या लेगहॉर्न वंशाच्या कोंबडीचे अंडे ५५ ते ६० ग्रॅमचे असते. बेंगळुरू येथे विकसित झालेली गिरिराज, तसेच हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी तयार केलेल्या वनराज व ग्रामप्रिया या जाती पूर्ण वाढीनंतर ५० ग्रॅमच्या पुढील अंडी देतात.

‘पोल्ट्रीचे अंडे इंजेक्शन देऊन फुगवितात’ असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. त्यात तथ्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या अधिक व मोठी अंडी देणाऱ्या पक्ष्यांची निवड आणि संतुलित खाद्य यांचा तो परिणाम आहे. तसेच अंड्याच्या आकारमानाशी कोंबड्याचा संबंध नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडे देते. त्यातून पिलू मात्र निघत नाही.

जातीच्या नावाने होणाऱ्या अतिरंजित प्रचारापासूनही सावध राहावे. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या योजनांत पैसे गुंतविलेल्या अनेक शेतकरी कुटुंबांच्या फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. वैद्याने एखाद्या जातीच्या अंड्याला अद्भुत गुण चिकटविण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

२. क्षेत्र : वय, देहभार व प्रकृती

तलंग प्रथम अंड्यावर येते तेव्हा तिचे अंडे लहान असते. पुढील काही महिन्यांत वयानुसार पिवळा बलक मोठा होत जातो व अंड्याचे वजन वाढते. दुसऱ्या वर्षी, पिसे गळून नवी आल्यानंतर, अंडी संख्येने कमी पण आकाराने मोठी येतात. तेव्हा नव्या तलंगेची लहान अंडी पाहून कुणी घाबरू नये.

अंड्यावर येताना तलंगेचे वजन किती आहे, यालाही महत्त्व आहे. वाढीच्या काळात उपाशी राहिलेली, जंतांनी पोखरलेली, किरकोळ अंगाची तलंग अंड्यावर आली तर तिची अंडी पुढेही लहानच राहण्याकडे कल असतो. मातेच्या पोषणाचा विचार गर्भधारणेपूर्वीपासून करावा, हे आपण रुग्णांना सांगतोच; येथेही तोच न्याय आहे.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. एकवीस दिवस उबवणी व त्यानंतर पिलांचा सांभाळ यांत तिचे अंडी देणे थांबते. यामुळेच तिची वार्षिक अंडी बहुधा पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान राहतात. सलग दिलेल्या अंड्यांच्या मालिकेत पहिले अंडे किंचित मोठे व पुढची थोडी लहान असतात, हेही लक्षात ठेवावे.

क्वचित दोन बीजे एकदम सुटल्याने दोन बलकांचे मोठे अंडे येते, तर कधी बलकच नसलेले सुपारीएवढे अंडे येते. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेत असे प्रकार अधिक दिसतात. यात शुभाशुभ काही नाही.

३. अंबु : आहार व पाणी

अंड्याचे सुमारे तीन चतुर्थांश वजन पाण्याचे असते. पांढऱ्या बलकात तर ते ८८ टक्क्यांच्या आसपास असते. कोंबडी जेवढे खाद्य खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात याहून अधिक. पाण्याचे भांडे अर्धा दिवस कोरडे राहिले, तरी तिचे खाणे घटते व अंड्यांवर परिणाम होतो.

खाद्यात प्रथिनांना अग्रक्रम आहे. अंड्यावरील कोंबडीच्या संतुलित खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने धरतात. प्रथिनांतील मेथिओनीन हा घटक कमी पडला की अंड्याचे वजन घटते. लिनोलिक आम्ल हा स्निग्धांशही पिवळ्या बलकाच्या वाढीस आवश्यक असतो. आपल्या भागात परड्यातील कोंबड्यांना बहुधा तांदळाच्या कण्या किंवा उरलेला भात टाकतात. त्याने पोट भरते, पण प्रथिने व स्निग्धांश दोन्ही अल्प मिळतात. मक्याच्या भरड्यातून स्निग्धांश मिळतो. शेंगपेंड, सोयाबीन पेंड व तीळपेंड यांतून प्रथिने मिळतात, आणि तीळपेंडीत मेथिओनीन चांगले असते. उकिरड्यातील किडे, गांडुळे, वाळवी हा कोंबडीचा निसर्गदत्त प्रथिनांचा साठा आहे. अंगणे फरशीची झाली, उकिरडे हटले, शेतात कीटकनाशके वाढली, तसा हा साठा आटला. जुन्या पद्धतीने मोकळी सोडलेली कोंबडी आज पूर्वीइतके पोषण मिळवतेच, असे गृहीत धरता येत नाही.

पेंड व मका कोरडा असावा. बुरशी आलेल्या शेंगपेंडीतील विष कोंबडीच्या यकृतास बाधते आणि अंडी संख्येने व आकाराने घटतात. माणसाला चालत नाही म्हणून कोंबडीला टाकलेले बुरसट धान्य शेवटी माणसाकडेच परत येते.

४. ऋतु : उष्णता व प्रकाश

हवेचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागले की कोंबडीचे खाणे कमी होते. तिला घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकत ती उष्णता बाहेर टाकते. खाणे घटल्याने अंडे लहान होते. धापांमुळे रक्तातील कर्बवायू कमी होऊन कवचासाठी लागणाऱ्या द्रव्यांचा समतोल बिघडतो व कवच पातळ पडते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खुराड्यात बंद राहिलेल्या कोंबडीची अंडी लहान व ठिसूळ होतात, ती यामुळे. ग्रीष्मात प्राण्यांचे बल क्षीण होते, हे ऋतुचर्येतील तत्त्व येथे डोळ्यांनी पाहावयास मिळते.

प्रकाशाचा परिणाम मुख्यतः संख्येवर होतो. व्यावसायिक पालनात १४ ते १६ तास प्रकाश देतात. आपल्या अक्षांशावर दिवस वर्षभरात साधारण ११ ते १३ तासांच्या दरम्यान राहतो आणि थंडीत गावरान कोंबडी अंडी कमी देते. लहान वयाच्या तलंगेला दिवे लावून लवकर अंड्यावर आणले, तर अंडी लहान येतात.

व्याधी

वरील चारही गोष्टी ठीक असून अंडी एकाएकी लहान, खरबरीत, वेडीवाकडी किंवा कवचहीन येऊ लागली, तर व्याधीचा विचार करावा. मानमोडी (राणीखेत), श्वसननलिकेचा संसर्गजन्य दाह व जंत ही नेहमीची कारणे होत. येथे आपली औषधे देत बसण्यापेक्षा नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता दाखवावा. मानमोडीची लस उपलब्ध आहे. अनेक पक्षी एकदम मरू लागल्यास ते पशुसंवर्धन विभागास तत्काळ कळवावे. २००६ साली नवापूर येथे आलेली बर्ड फ्लूची साथ आपल्या राज्याने पाहिली आहे. कोंबडीला प्रतिजैविके चालू असतील, तर पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत तिची अंडी रुग्णास देऊ नयेत.

मात्रेचा हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ॲगमार्क प्रतवारीनुसार ६० ग्रॅम व त्यावरील अंडे अतिमोठे, ५३ ते ५९ मोठे, ४५ ते ५२ मध्यम आणि ३८ ते ४४ ग्रॅमचे लहान समजतात. म्हणजे आपले बहुतेक गावरान अंडे ‘लहान’ या वर्गात किंवा त्याहूनही खाली पडते.

४० ग्रॅमच्या अंड्यातून कवच वजा जाता सुमारे ३५ ग्रॅम खाद्यभाग मिळतो. त्यात १३ टक्के प्रथिने धरल्यास सुमारे साडेचार ग्रॅम होतात. ५८ ग्रॅमच्या अंड्यात हाच हिशोब पावणेसात ग्रॅमच्या जवळ जातो. थोडक्यात, गावरान तीन अंडी म्हणजे पोल्ट्रीची दोन अंडी. ‘दोन अंडी’ असे लिहून आम्ही आजींच्या सुनेला नऊ ग्रॅमच्या आतच प्रथिने देत होतो आणि साडेतेरा ग्रॅम दिल्याचे समाधान मानत होतो.

गावरान अंड्यात पिवळ्या बलकाचे प्रमाण तुलनेने थोडे अधिक असते, त्यामुळे ते चवीला दाट लागते. बलकाचा गडद रंग हिरवा पाला व पिवळा मका यांतील रंगद्रव्यांमुळे येतो. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. त्यावरून पोषणमूल्य ठरत नाही. नव्या तलंगांची लहान तपकिरी अंडी ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने विकली जाण्याची शक्यता ध्यानात घेता, रुग्णाने रंग व लहानपणा यांनाच गुण समजून अधिक पैसे मोजू नयेत.

अंडे गुरु व स्निग्ध आहे. साम अवस्थेत, ज्वरात किंवा अग्नी मंद असता ते देऊ नये. हा निर्णय वैद्याचा. अंडे पूर्ण शिजवूनच द्यावे. कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाचा धोका असतो. क्षयरुग्णात अंडे हे पथ्य आहे, शासकीय उपचाराचा पर्याय नव्हे. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णास २०१८ पासून दरमहा ५०० रुपये व नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मिळतात, हेही रुग्णास सांगावे. कुंभोज-बाहुबली परिसरात व अन्यत्रही आपले अनेक रुग्ण अंडे वर्ज्य मानतात. त्यांना आग्रह न करता दूध, तूप, मूग, तीळ, शेंगदाणे यांची मात्रा बसवून द्यावी.

कवचाविषयी थोडेसे

कुक्कुटाण्डत्वक् भस्म करणाऱ्या वैद्यांसाठी एक सूचना. कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. वयस्क कोंबडीचे अंडे मोठे होते, पण कवचद्रव्य त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून मोठ्या अंड्याचे कवच पातळ असू शकते. मोठी कवचे म्हणजे उत्तम द्रव्य, असे समजू नये. निरोगी कोंबडीची, जाड व गुळगुळीत कवचे निवडावीत आणि आतील पटल पूर्ण काढूनच शोधन करावे.

कुटुंबांना द्यावयाच्या सूचना

१. पाण्याचे मातीचे भांडे सावलीत ठेवून दिवसातून दोनदा भरावे. उन्हाळ्यात अधिक वेळा.
२. कण्यांबरोबर मक्याचा भरडा व मूठभर कोरडी पेंड द्यावी; हिरवा पाला रोज असावा.
३. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा, किंवा भाजून कुटलेली अंड्यांची कवचे द्यावीत.
४. खुराडे झाडाखाली हलवावे किंवा पत्र्यावर उसाचा पाला घालावा.
५. वेळेवर लस व जंतांचे औषध पशुवैद्यकाकडून घ्यावे.
६. नवे पक्षी घ्यावयाचे असल्यास कोल्हापूर येथील शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करावी.

उपसंहार

आजींच्या घरी कोंबड्यांना नुसत्या कण्या मिळत होत्या, पाण्याचे डबडे दुपारी कोरडे पडत होते आणि खुराडे पत्र्याखाली तापत होते. आम्ही सुचविलेले बदल त्यांनी केले. काही आठवड्यांत अंडी पूर्ववत होऊ लागली. तोवर मृगाचा पाऊसही आला होता, त्यामुळे सारे श्रेय आमच्या सूचनांना देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोंबडी मात्र वाचली आणि नजरेचा विषय मिटला.

अधिक महत्त्वाची गोष्ट घरात घडली. ‘दोन अंडी’ हे शब्द खोडून आम्ही ‘घरची तीन अंडी, बाजाराला काढण्यापूर्वी’ असे लिहून दिले व त्याचे कारण आजींना समजावून सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि एवढेच म्हणाल्या, “मग आधी तिचं काढून ठेवते.” पुढच्या खेपांना सूनबाईंचे वजन हळूहळू वाढताना दिसले.

वैद्यबंधूंना विनंती अशी की, पथ्य लिहिताना संख्येबरोबर मात्रा लिहावी आणि ते पथ्य घरात कोणाच्या ताटात व कोणत्या क्रमाने पोहोचते, याची एकदा चौकशी करावी. औषधाची मात्रा आपण गुंजेपर्यंत मोजतो; आहाराची मात्रा निदान अंड्याच्या आकारापर्यंत तरी मोजावी.